रवांडातील गावउभारणी आणि वंशसंहाराचे स्मरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९९४ च्या वंशसंहारानंतर रवांडात मारेकरी, मारल्या गेलेल्यांचे नातलग आणि परदेशातून परतलेले निर्वासित एकाच डोंगरउतारावर, एकाच पाणवठ्यावर आणि एकाच बाजारात वावरू लागले. घरे बांधणे, पडीक शेते पुन्हा कसणे, मृतांना शोधून सन्मानाने पुरणे आणि गुन्हेगारांचा न्याय करणे ही सगळी कामे तेथे एकाच वेळी, आणि बहुतेकदा त्याच माणसांना करावी लागली. या देशाविषयी मराठी वाचक जे प्रश्न नेहमी विचारतात त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. तेथील विकासाचे मोल त्या संहारातून बचावलेल्यांच्या वाट्याला काय आले यावरून करावे असे माझे मत आहे, आणि उत्तरे लिहिताना मी तीच कसोटी लावली आहे.

१९९४ मध्ये नेमके काय घडले?

६ एप्रिल १९९४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष जुवेनाल हाब्यारिमाना यांचे विमान किगालीत उतरण्याच्या बेतात असताना पाडण्यात आले. त्यांच्यासह बुरुंडीचे राष्ट्राध्यक्ष सिप्रियन न्तार्यामिरा हेही ठार झाले. काही तासांतच राजधानीत रस्तोरस्ती अडथळे उभे राहिले, ओळखपत्रे तपासली जाऊ लागली, आणि ज्यांच्या ओळखपत्रावर ‘तुत्सी’ या अल्पसंख्य समाजाची नोंद होती त्यांना जागीच मारले जाऊ लागले. ७ एप्रिलला पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना आणि त्यांच्या रक्षणासाठी पाठवलेले १० बेल्जियन शांतिसैनिक यांची हत्या झाली. सुमारे १०० दिवसांत किमान ८ लाख माणसे मारली गेली असे संयुक्त राष्ट्रे मानतात, तर रवांडा सरकारच्या गणनेत हा आकडा १० लाखांहून अधिक आहे. मृतांत बहुसंख्य तुत्सी होते. कत्तलीला विरोध करणारे आणि तुत्सींना आसरा देणारे, बहुसंख्य हुतू समाजातले अनेक जणही त्यात बळी पडले.

याची तयारी फार आधीपासून चालू होती. बेल्जियन अमलात, १९३० च्या दशकात, ओळखपत्रावर हुतू, तुत्सी किंवा त्वा अशी नोंद सुरू झाली. १९५९ पासून तुत्सींवर वारंवार हल्ले होत गेले आणि लाखो लोक शेजारच्या देशांत पळाले. १९९० मध्ये युगांडातील निर्वासितांनी उभारलेल्या रवांडन पॅट्रिऑटिक फ्रंटने, म्हणजे आरपीएफने, देशात सशस्त्र प्रवेश केल्यावर सत्ताधाऱ्यांनी प्रत्येक तुत्सी शेजाऱ्याला शत्रूचा हस्तक ठरवले. इंटराहाम्वे या तरुणांच्या टोळ्यांना प्रशिक्षण मिळाले, आणि १९९३ मध्ये सुरू झालेल्या आरटीएलएम या रेडिओ केंद्रावरून तुत्सींना ‘झुरळे’ म्हटले जाऊ लागले. कत्तल ऐन भरात असताना, २१ एप्रिल १९९४ रोजी, सुरक्षा परिषदेने तेथील शांतिसैनिकांची संख्या २७० पर्यंत खाली आणण्याचा ठराव केला. ४ जुलैला आरपीएफने किगालीचा ताबा घेतला आणि त्यानंतरच्या दोन आठवड्यांत वंशसंहार थांबला.

त्यानंतर देशात उरले काय होते?

सुमारे २० लाख लोक झाईर (आजचे काँगो), टांझानिया आणि इतर शेजारी देशांत पळाले होते, आणि त्यांत हजारो मारेकरी मिसळलेले होते. उलट दिशेने १९५९ पासूनचे जुने निर्वासित परतत होते व मोकळ्या दिसणाऱ्या घरांत राहू लागले होते. न्यायाधीश, वकील, डॉक्टर आणि शिक्षक यांच्यापैकी बरेच मारले गेले होते, आणि जे जिवंत होते त्यांपैकी पुष्कळ जण देशाबाहेर होते किंवा स्वतःच आरोपी होते.

गावात सर्वांत बिकट प्रश्न जमिनीचा होता. रूढीप्रमाणे जमीन मुलग्यांकडे जात असे, त्यामुळे नवरा, मुलगे आणि भाऊ गमावलेल्या बाईला घरच्या शेतावरही हक्क सांगता येत नव्हता. अशा बायकांची संख्या इतकी मोठी होती की कायदा बदलल्याशिवाय गाव उभे राहणे शक्य नव्हते. १९९९ च्या वारसा कायद्याने मुलींना मुलग्यांच्या बरोबरीचा वाटा दिला आणि २००३ च्या राज्यघटनेने निर्णय घेणाऱ्या संस्थांत किमान ३० टक्के स्त्रिया असाव्यात अशी अट घातली. २००८ मध्ये रवांडाच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात स्त्रिया बहुसंख्य झाल्या, तसे जगात कोठेही आधी घडले नव्हते. या बदलाचे श्रेय देताना त्याच्या मुळाशी विधवांचा शेताच्या बांधावरचा झगडा होता हे विसरू नये.

गचाचा न्यायालये म्हणजे काय?

१९९० च्या दशकाच्या अखेरीस रवांडाच्या तुरुंगांत सुमारे १ लाख २० हजार संशयित कोंबलेले होते. नेहमीच्या न्यायालयांनी हे खटले चालवायचे तर शंभराहून अधिक वर्षे लागली असती. म्हणून भांडणे गवतावर बसून मिटवण्याची जुनी ग्रामपद्धत २००१ च्या कायद्याने नव्या रूपात आणली गेली. सुमारे अडीच लाख पंच गावकऱ्यांनी निवडले. २००२ मध्ये काही भागांत सुरू झालेले हे काम २००५ पासून देशभर चालले आणि १८ जून २०१२ रोजी ते अधिकृतपणे बंद झाले. तोवर सुमारे १२ हजार न्यायालयांनी १९ लाखांवर प्रकरणे हातावेगळी केली होती.

प्रत्यक्षात बैठक कशी असे हे डोळ्यांसमोर आणून पाहावे. आठवड्यातून एक दिवस गावातली दुकाने बंद राहत. लोक झाडाखाली किंवा शाळेच्या आवारात बाकांवर नाहीतर जमिनीवर बसत, आणि समोर राष्ट्रध्वजाच्या रंगांचे पट्टे खांद्यावरून घेतलेले पंच बसत. त्यांना मानधन नसे, आणि त्यांच्यातले बहुतेक शेतकरीच असत. तुरुंगातून गुलाबी कपड्यांत आणलेला आरोपी उभा राहून कोणाला, कोठे, कोणाबरोबर मारले हे सांगे, आणि ते ऐकणाऱ्यांत मृताची आई, आरोपीची बायको आणि तेव्हा त्याच्यासोबत असलेले शेजारीही असत. गुन्ह्याची कबुली पूर्ण धरली जावी यासाठी प्रेत कोठे टाकले हेही सांगावे लागे. हजारो कुटुंबांना आपल्या माणसाची हाडे मिळाली ती या एका अटीमुळे, आणि गचाचाने दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट मला हीच वाटते. कबुली देणाऱ्यांची शिक्षा कमी होई आणि तिचा काही भाग रस्ते, पायऱ्यापायऱ्यांची शेते व घरे बांधण्याच्या सार्वजनिक कामात भोगता येई.

दोषही तितकेच खरे आहेत. आरोपीला वकील मिळत नसे. जुन्या वैरातून खोटे आरोप झाले, लाच दिली गेली, साक्षीदारांना धमकावले गेले आणि काहींचा खूनही झाला. आरपीएफच्या सैनिकांनी केलेली हत्याकांडे या न्यायालयांच्या कक्षेतून वगळली होती. लुटलेल्या मालमत्तेची भरपाई करण्याचे आदेश निघाले, पण देणारा इतका गरीब असे की अनेक आदेश कागदावरच राहिले. बलात्काराचे खटलेही २००८ पासून बंद दाराआड गचाचापुढे चालवले गेले, तेव्हा ज्या स्त्रियांनी ती गोष्ट गावात कोणालाच सांगितली नव्हती त्यांची फार कोंडी झाली.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाने काय केले?

संयुक्त राष्ट्रांनी नोव्हेंबर १९९४ मध्ये स्थापन केलेल्या आणि टांझानियातील आरुषा येथे चाललेल्या न्यायाधिकरणाने ९३ जणांवर आरोप ठेवले आणि डिसेंबर २०१५ मध्ये त्याचे काम संपले. ‘ताबा’ नावाच्या स्थानिक विभागाचे माजी प्रमुख जाँ-पॉल अकायेसू यांच्याविरुद्धचा २ सप्टेंबर १९९८ चा निकाल हा वंशसंहाराच्या गुन्ह्याबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेला पहिला दोषनिर्णय होता, आणि बलात्कार हे वंशसंहाराचे साधन असू शकते हे त्यात प्रथमच मान्य झाले. तो निकाल देणाऱ्या तीन न्यायाधीशांत भारतीय वंशाच्या दक्षिण आफ्रिकी न्यायमूर्ती नवी पिल्ले होत्या. मात्र आरुषा हे रवांडातल्या गावापासून फार दूर होते. तेथील कैद्यांना एचआयव्हीवरील औषधे मिळत होती, आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्या, बलात्कारातून त्याच रोगाची लागण झालेल्या स्त्रियांना ती दीर्घकाळ मिळाली नाहीत, हा बचावलेल्यांचा संताप अगदी न्याय्य होता.

उमुगांडा म्हणजे आपल्याकडचे श्रमदानच ना?

बरेचसे तसे आहे. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी १८ ते ६५ वयाच्या लोकांनी सार्वजनिक कामासाठी बाहेर पडायचे असते. नाले खोदणे, धूप थांबवण्यासाठी उतारावर चर काढणे, शाळेच्या खोल्या बांधणे, बचावलेल्या वृद्धांची घरे दुरुस्त करणे आणि स्मृतिस्थळांचे आवार साफ करणे अशी कामे त्यात येतात. काम संपल्यावर सगळे तेथेच बसून गावाच्या प्रश्नांवर बोलतात. गैरहजर राहणाऱ्याला दंडाची तरतूद आहे, म्हणून ते पूर्णपणे स्वेच्छेचे नाही.

या प्रथेचा भूतकाळ मात्र माहीत असायला हवा. हाब्यारिमाना यांच्या राजवटीत उमुगांडा सक्तीचा होता, आणि १९९४ मध्ये लोकांना बाहेर काढण्याची तीच सवय, तेच स्थानिक अधिकारी आणि ‘कामाला चला’ हीच भाषा कत्तलीसाठी वापरली गेली. १९९८ मध्ये उमुगांडा पुन्हा सुरू झाला तेव्हा हे सर्वांना आठवत होते. ज्या हाकेवर शेजारी मारायला निघाले होते तशाच हाकेवर ते विधवेचे छप्पर शाकारायला निघाले, याला मी मोठी गोष्ट मानतो. तरीही सरकारी हाकेला मुकाट्याने ओ देण्याची सवय कायम राहणे कितपत सुरक्षित आहे, हा प्रश्न तेथील काही विचारी लोक विचारतात आणि तो विचारलाच पाहिजे.

गाय देण्याची योजना काय आहे?

२००६ मध्ये सुरू झालेली गिरिंका योजना गरीब कुटुंबाला एक दुभती जातिवंत गाय देते. मिळालेल्या गाईची पहिली कालवड शेजारच्या दुसऱ्या गरजू कुटुंबाला द्यायची असते. ज्याला गाय द्यायची त्याने आधी गोठा बांधलेला असावा आणि चाऱ्यापुरती थोडी जमीन त्याच्याकडे असावी अशी अट आहे. डोंगराळ आणि दाट वस्तीच्या या देशात गाय मोकळी चरू शकत नाही, त्यामुळे चारा कापून गोठ्यात आणावा लागतो. दुधाने मुलांचे कुपोषण कमी होते, आणि शेणखताने झिजलेल्या लाल मातीत सोयाबीन, घेवडा व बटाटा यांचे पीक सुधारते.

रवांडाच्या संस्कृतीत गाय देणे म्हणजे कायमचे नाते जोडणे. गाय दिलेल्याशी वैर धरणे हा मोठा अधर्म समजला जातो. १९९४ मध्ये तुत्सींच्या गाई मुद्दाम मारून खाल्ल्या गेल्या होत्या, हे लक्षात घेतले तर बचावलेल्या बाईने आपली कालवड एखाद्या माजी कैद्याच्या घरी नेऊन देणे, किंवा त्याने तिला देणे, याचे वजन कळते. २४ जुलै २०१८ रोजी भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी रवेरू या गावात या योजनेसाठी २०० गाई भेट दिल्या. त्या स्थानिक बाजारातूनच घेतलेल्या होत्या. काही ठिकाणी गाईंच्या वाटपात स्थानिक अधिकाऱ्यांनी गैरव्यवहार केल्याचे उघड झाले आणि काहींना शिक्षाही झाली. अगदी भूमिहीनांना या योजनेचा लाभ मिळणे कठीण जाते, ही तिची मूळचीच मर्यादा आहे.

विकासाच्या इतर कोणत्या पद्धती वापरल्या गेल्या?

उबुदेहे या पद्धतीत गावकरी एकत्र बसून आपल्या वस्तीचा नकाशा काढत, घराघराची परिस्थिती ठरवत आणि कोणते काम आधी करायचे ते निवडत. २००८ मध्ये तिला संयुक्त राष्ट्रांचा लोकसेवा पुरस्कार मिळाला. पुढे या वर्गवारीवर आरोग्यविम्याचा हप्ता आणि शिक्षणाची मदत ठरू लागली, तेव्हा कोण कोणत्या वर्गात बसतो यावरून तक्रारी वाढल्या. इमिहिगो ही २००६ पासूनची पद्धत आहे. तिच्यात जिल्ह्याचे प्रमुख वर्षभराची उद्दिष्टे लिहून देतात आणि वर्षअखेर त्यांचा हिशेब द्यावा लागतो. आरोग्यविम्याखाली बहुतांश लोकसंख्या आली आहे, ही गरीब देशासाठी असामान्य कामगिरी आहे.

कॉफीच्या सहकारी संस्थांचे उदाहरण वेगळे सांगायला हवे, कारण ते वरून आलेल्या आदेशातून उभे राहिलेले नाही. दक्षिणेतील माराबा येथे १९९९ मध्ये शेतकऱ्यांनी संस्था काढली. तिच्या सभासदांत विधवांची संख्या मोठी होती. पूर्वी घरीच कशीबशी सोललेली कॉफी कवडीमोलाने विकली जाई. २००१ मध्ये त्यांनी कॉफी धुण्याचे केंद्र उभारले आणि लवकरच त्यांची कॉफी ब्रिटनमध्ये चांगल्या भावाने जाऊ लागली. तोडलेली लाल फळे त्याच दिवशी केंद्रावर पोहोचवावी लागतात, नाहीतर आंबून चव बिघडते. फळे वजन करून टाकीत पडतात, सोललेल्या बिया पाण्यात धुतल्या जातात, आणि मग लांब टेबलांवरील जाळ्यांवर त्या वाळत असताना बायका दोन्ही बाजूंना उभ्या राहून खराब दाणे हाताने वेचतात. त्या टेबलाच्या एका बाजूला वंशसंहारात नवरा गमावलेली बाई असते आणि समोर कदाचित तुरुंगात असलेल्याची बायको असते. समेटाच्या भाषणांपेक्षा अशा टेबलावरच्या रोजच्या कामावर माझा अधिक विश्वास आहे, कारण तेथे कोणी कोणाला क्षमा करण्याची सक्ती करत नाही.

‘सलोख्याची गावे’ खरी आहेत का?

बुगेसेरा जिल्ह्यातील म्ब्यो हे त्यांपैकी सर्वांत परिचित गाव आहे. कैद्यांसाठी काम करणाऱ्या एका ख्रिस्ती संस्थेच्या पुढाकाराने सुटून आलेल्या कैद्यांनी आणि बचावलेल्यांनी मिळून तेथे घरे बांधली, आणि ते आज एकमेकांचे शेजारी आहेत. तेथे राहणारे लोक खरे आहेत आणि त्यांचे दुःखही खरे आहे. मात्र पाहुणे येतात, कथा सांगितली जाते, छायाचित्रे काढली जातात, आणि त्याच बाईला तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागते. क्षमा ही मागणाऱ्याची गरज असते, देणाऱ्याचे कर्तव्य नसते. अनेक बचावलेल्यांनी क्षमा केलेली नाही आणि तरीही ते शेजाऱ्याशी शांततेने राहतात, हेही तितकेच मोठे यश मानले पाहिजे.

बचावलेल्यांना प्रत्यक्षात काय मिळाले?

१९९८ मध्ये सरकारने एक मदतनिधी स्थापन करून महसुलाचा ठरावीक हिस्सा त्यासाठी राखला. त्यातून शिक्षण, औषधोपचार आणि घरे यांवर खर्च झाला, आणि शिक्षणाचे काम सर्वांत चांगले झाले. घाईने बांधलेली पुष्कळ घरे मात्र काही वर्षांतच खचली. गुन्हेगारांकडून किंवा शासनाकडून नुकसानभरपाई मिळावी ही मागणी इबुका ही बचावलेल्यांची शिखरसंस्था १९९५ पासून करीत आली आहे, आणि तिला पुरेसे उत्तर मिळालेले नाही. विधवांच्या अव्हेगा या संस्थेने त्याच वर्षी काम सुरू केले आणि पुढे तिने आपले दवाखाने उभारले.

विद्यार्थ्यांनी केलेली व्यवस्था मला विशेष वाटते. १९९६ मध्ये बुतारेच्या विद्यापीठात बचावलेल्या विद्यार्थ्यांची एईआरजी ही संघटना सुरू झाली. घरचे कोणीच न उरलेल्या मुलांनी तेथे स्वतःची कुटुंबे तयार केली. १५-२० जणांच्या गटात एकाने वडील व्हायचे, एकीने आई व्हायचे, बाकीची भावंडे. बावीस वर्षांचा ‘बाप’ विसाव्या वर्षाच्या ‘लेकी’चे परीक्षेचे निकाल विचारी, सुट्टीत ती कोठे जाणार याची व्यवस्था करी, आणि पुढे तिच्या लग्नात वधूपित्याच्या जागी उभा राहून वरपक्षाशी बोलणी करी. ही नाती शिक्षण संपल्यावरही टिकली.

ज्यांची सर्व मुले मारली गेली अशा म्हाताऱ्यांसाठी गेल्या काही वर्षांत एकत्र निवासगृहे बांधली गेली आहेत. हे खूप लवकर व्हायला हवे होते, कारण त्यांतले अनेक जण आधीच गेले.

बलात्कारातून जन्मलेल्या मुलांचे काय झाले?

वंशसंहाराच्या काळात अडीच ते पाच लाख स्त्रियांवर बलात्कार झाल्याचा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिनिधींनी १९९६ मध्ये मांडला होता. त्यातून हजारो मुले जन्मली. ती वंशसंहार संपल्यानंतर जन्मल्यामुळे कायद्याच्या व्याख्येत ‘बचावलेली’ ठरली नाहीत आणि मदतनिधीतून त्यांना शाळेची फी मिळाली नाही. आईच्या माहेरच्यांनी त्यांना मारेकऱ्याचे मूल म्हणून दूर ठेवले, आणि पित्याच्या घरच्यांनी ओळखच दिली नाही. काही स्वयंसेवी संस्थांनी त्यांचे शिक्षण केले आणि मायलेकरांना एकत्र बसवून खरी गोष्ट सांगण्यास मदत केली. रवांडाच्या एरवी नेटक्या व्यवस्थेत ही मुले निसटून जावीत, हे या सर्व कार्यातील सर्वांत मोठे अपयश आहे असे मी म्हणेन.

क्विबुका म्हणजे काय आणि त्या काळात काय होते?

किन्यारवांडा भाषेत वार्षिक स्मरणाला क्विबुका म्हणतात. ७ एप्रिलला किगालीतील गिसोझी स्मारकात ज्योत पेटते आणि राष्ट्रीय शोकसप्ताह सुरू होतो. १३ एप्रिलला किगालीतीलच रेबेरो येथे, वंशसंहाराला विरोध करून प्राण गमावलेल्या राजकीय नेत्यांना अभिवादन केले जाते. स्मरणाचा काळ जुलैपर्यंत १०० दिवस चालतो. गावोगावी लोक जमतात, एखादी बचावलेली व्यक्ती आपली कहाणी सांगते, मृतांची नावे वाचली जातात आणि नव्याने सापडलेल्या अवशेषांचे दफन होते. त्या सप्ताहात लग्नसमारंभ आणि करमणुकीचे कार्यक्रम होत नाहीत.

याच दिवसांत अनेकांना तीव्र मानसिक झटके येतात. कोणी किंचाळते, कोणी पळू लागते, कोणी मारेकरी समोर असल्याप्रमाणे बोलू लागते. म्हणून प्रत्येक कार्यक्रमात प्रशिक्षित स्वयंसेवक उभे असतात. ते त्या व्यक्तीला हाताला धरून बाजूच्या शांत जागेत नेतात आणि श्वास स्थिर होईपर्यंत तिच्याजवळ बसतात. २०१८ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत बचावलेल्यांपैकी चारांत एकाहून अधिक जणांत आघातोत्तर तणावाचा विकार आढळला, आणि सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण त्याच्या कितीतरी खाली होते. उत्तरेतील ब्युंबा येथे २००५ पासून सुरू झालेल्या सामूहिक उपचारपद्धतीत दहा-पंधरा शेजारी आठवड्यातून एकदा, सुमारे पंधरा आठवडे, एकत्र बसून बोलतात. मानसोपचारतज्ज्ञ फार थोडे असलेल्या देशात ही पद्धत चांगलीच रुजली आहे.

स्मृतिस्थळांत हाडे आणि कपडे उघडे का ठेवले आहेत?

आश्रयाला आलेले लोक जेथे मारले गेले ते किगालीजवळच्या न्यामाटा येथील चर्च पाहिले तर याचे उत्तर थोडे उमगते. दार फोडताना वाकलेले लोखंडी गज तसेच आहेत. पत्र्याच्या छताला पडलेल्या भोकांतून उन्हाचे कवडसे आत येतात. बाकांवर मृतांचे कपडे ठेवलेले आहेत, मातीने सगळ्यांचा रंग एकच तपकिरी झालेला. वेदीवरच्या कापडावर डाग आहेत. आवारातील कबरींत सुमारे ४५ हजार लोक पुरलेले आहेत. दक्षिणेतील मुरांबी येथे, अर्धवट बांधलेल्या शाळेत आश्रयाला बोलावून मारलेल्या हजारोंपैकी काहींची प्रेते चुना लावून जतन केली आहेत. पश्चिमेतील बिसेसेरोच्या टेकड्यांवर तुत्सींनी दगड आणि भाल्यांनी आठवडेच्या आठवडे प्रतिकार केला. २७ जून १९९४ रोजी फ्रेंच सैनिक त्यांना भेटून निघून गेले आणि तीन दिवसांनी परतले, त्या तीन दिवसांत शेकडो लोक मारले गेले. किगालीतील गिसोझी स्मारक २००४ मध्ये उघडले, आणि तेथे अडीच लाखांहून अधिक लोकांचे दफन आहे. ही चारही स्थळे सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली.

वंशसंहार झालाच नाही असे म्हणणारे आजही आहेत, आणि हाडे हा त्यांच्यासाठी पुरावा आहे, अशी बचावलेल्या अनेकांची भूमिका आहे. आपल्या आईची कवटी काचेमागे नको, तिला मातीत विसावा मिळावा, असे वाटणारेही त्यांच्यातच आहेत. लहान स्मृतिस्थळे बंद करून जिल्ह्याच्या मोठ्या स्थळात अवशेष हलवण्याच्या धोरणालाही विरोध झाला, कारण माणसे जेथे पडली त्या जागेशी नातलगांचे मन जडलेले असते. अशा वेळी सोय आणि खर्च यांचा विचार नंतर व्हावा, नातलगांचा शब्द आधी ऐकावा.

अजूनही प्रेते सापडतात का?

होय. २०१८ मध्ये किगालीजवळ काबुगा भागात मोठ्या सामूहिक कबरी सापडल्या. ऑक्टोबर २०२३ पासून दक्षिणेतील हुये जिल्ह्यात, एका घराच्या जागेत खोदकाम करताना अवशेष मिळू लागले आणि त्यांची संख्या शेकडोंवर, पुढे हजारावर गेली. म्हणजे जवळपास ३० वर्षे त्या कबरीवर घर उभे होते, आणि आसपासच्या काहींना ते ठाऊक होते. बचावलेले लोक वर्षानुवर्षे विचारत होते आणि शेजारी गप्प होते. समेटाच्या आकडेवारीत हे मौन कोठेच दिसत नाही.

या सर्वांवर सरकारचे नियंत्रण किती आहे?

पुष्कळ आहे. आरपीएफचे नेते आणि २००० पासून राष्ट्राध्यक्ष असलेले पॉल कागामे २०२४ मध्ये ९९ टक्क्यांहून अधिक मतांनी पुन्हा निवडून आले. ‘वंशसंहाराची विचारसरणी’ हा २००८ पासून कायद्याने गुन्हा आहे. द्वेषाच्या प्रचारातून इतका मोठा संहार झालेल्या देशाला असा कायदा लागतो हे समजण्यासारखे आहे. मात्र त्याची व्याख्या इतकी सैल होती की दोनदा सुधारणा करावी लागली, आणि तो टीकाकारांवरही वापरला गेला. विरोधी नेत्या व्हिक्टोआर इंगाबिरे यांनी २०१० मध्ये गिसोझी येथे मारल्या गेलेल्या हुतूंचाही उल्लेख केला, आणि त्यानंतर त्यांना अटक व पुढे शिक्षा झाली. आफ्रिकी मानवाधिकार न्यायालयाने २०१७ मध्ये त्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग झाल्याचे म्हटले. स्वतः वंशसंहारातून बचावलेले लोकप्रिय गायक किझितो मिहिगो यांनी सर्व मृतांसाठी सहवेदना व्यक्त करणारे गीत गायल्यानंतर २०१४ मध्ये त्यांना अटक झाली. २०१८ मध्ये त्यांची सुटका झाली, पण फेब्रुवारी २०२० मध्ये पोलीस कोठडीत त्यांचा मृत्यू झाला.

आरपीएफच्या सैन्याने १९९४ मध्ये आणि नंतर सामान्य हुतूंना मारले. एप्रिल १९९५ मध्ये किबेहोच्या देशांतर्गत विस्थापितांच्या छावणीत हजारो लोक मारले गेले, आणि काँगोतील युद्धांत रवांडाचा हात राहिला आहे. या हत्या आणि तुत्सींचा वंशसंहार यांना एकाच पारड्यात घालणे चूक आहे, कारण एका समाजाला मुळापासून नाहीसे करण्याचा तो बेत होता. तरीही ज्या बाईचा मुलगा किबेहोत गेला तिला एप्रिलमध्ये उघडपणे रडायला जागा नसेल, तर गावातला सलोखा अपुराच राहील.

मुलांना काय शिकवले जाते?

१९९४ नंतर सुमारे दशकभर शाळांत रवांडाचा इतिहास शिकवणे थांबले होते, कारण काय शिकवावे यावर एकमत नव्हते. आज तो अभ्यासक्रमात आहे. ओळखपत्रावरून वांशिक नोंद गेली आहे आणि निम्म्याहून अधिक लोकसंख्या वंशसंहारानंतर जन्मलेली आहे. मुलांना सांगितली जाणारी न्यांगेच्या शाळेची घटना खरी आहे. मार्च १९९७ मध्ये हल्लेखोरांनी वर्गात शिरून हुतू आणि तुत्सी विद्यार्थ्यांना वेगळे उभे राहण्यास सांगितले. मुलांनी नकार दिला, आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांची गणना आज राष्ट्रीय वीरांत होते. तुत्सींना लपवणाऱ्या हुतूंचाही गौरव होतो. रुहांगोच्या झुरा कारुहिंबी या वृद्ध वैदू बाईने जादूटोण्याची भीती घालून मारेकऱ्यांना आपल्या झोपडीबाहेर रोखले आणि कितीतरी लोकांना वाचवले.

स्मृतिस्थळे पाहायला जायचे असल्यास काय लक्षात ठेवावे?

गिसोझीचे स्मारक किगाली शहरातच आहे आणि तेथे किमान तीन तास ठेवावेत. न्यामाटा किगालीहून गाडीने तासाभराच्या आत येते, आणि न्तारामाचे चर्च त्याच वाटेवर आहे. मुरांबीसाठी पूर्ण दिवस लागतो. इमारतींच्या आत छायाचित्रे काढण्यास बहुतेक ठिकाणी मनाई असते, म्हणून आधी विचारावे. वाटाड्या अनेकदा स्वतःच बचावलेला असतो. तो जेवढे सांगेल तेवढे ऐकावे, आणि ‘तुम्ही हुतू की तुत्सी’ हा प्रश्न कोणालाही विचारू नये. मुरांबीला लहान मुलांना नेऊ नये. एप्रिलच्या शोकसप्ताहात जाणार असाल तर काही दुकाने आणि कार्यालये दुपारनंतर बंद असतील हे धरून बेत आखावा, आणि गावातल्या स्मरणसभेला बोलावणे आले तर साधे कपडे घालून, वेळेच्या आधी जाऊन मागच्या रांगेत बसावे.